रात्रीत खाली बसणारी डिस्कव्हरी: गळके एअर बेलो शोधून बदलण्याची पूर्ण पद्धत

रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर टेकून बसलेली दिसते. स्टार्टर मारला की खालून कंप्रेसरची घरघर सुरू होते, मिनिटभरात गाडी वर येते आणि मालक म्हणतो, "येतीय की वर, मग काय बिघडलंय?" बिघाड तिथंच असतो. गाडी वर येते ती कंप्रेसरच्या जिवावर. बेलोची, म्हणजे सस्पेन्शनमधल्या हवेच्या रबरी पिशवीची, गळती महिनोन्‌महिने तशीच चालू दिली तर एके दिवशी कंप्रेसर बसतो, आणि मग एका सुट्या भागाऐवजी दोनांचा खर्च पदरात पडतो. म्हणून बेलो बदलायची वेळ ही गाडी सकाळी वाकडी दिसायला लागल्याच्या आठवड्यातली. गाडी वर यायची बंद झाल्यावर फार उशीर झालेला असतो.

हा लेख लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ (२००४ ते २००९), डिस्कव्हरी ४ (२००९ ते २०१६) आणि पहिल्या पिढीच्या रेंज रोव्हर स्पोर्टसाठी आहे. या तिन्ही गाड्यांच्या सस्पेन्शनची ठेवण जवळपास सारखीच. टाटा मोटर्सनं २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २००९ पासून या गाड्या भारतात रीतसर विकल्या जाऊ लागल्या. शेवटच्या डिस्कव्हरी ४ लाही आता बरीच वर्षं उलटली आहेत. कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत आज फिरणाऱ्या या गाड्यांत मूळ बेलो अजून असतील, तर ते आयुष्याच्या शेवटाकडे आले आहेत असंच धरून चाला.

बेलो आतून कसा असतो आणि का फुटतो

एअर बेलो म्हणजे आत दोऱ्याचं विणकाम असलेली रबराची पातळ नळी. आपल्याकडचे बसचे मेकॅनिक तिला सरळ 'बलून' म्हणतात. ही नळी खालच्या टोकाला स्वतःवरच उलटी दुमडलेली असते आणि एका पिस्टनवरून वरखाली लोळत राहते. दोन्ही टोकांना धातूच्या कड्या दाबून ती हवाबंद केलेली असते. या गाड्यांत बेलो आणि शॉक अॅब्सॉर्बर वेगवेगळे नसतात, दोन्ही मिळून एकच स्ट्रट. चारही कोपऱ्यांना असा एकेक स्ट्रट.

रबर फुटतं ते त्या घडीवर. गाडी बहुतेक वेळ एकाच उंचीवर असते, म्हणून घडही वर्षानुवर्षं एकाच रेषेवर पडते आणि तिथं रबराला बारीक बारीक भेगा जातात. त्यात माती अडकली की प्रत्येक खड्ड्याला ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. गगनबावडा, आंबा, राधानगरी या भागांतली जांभ्याची तांबडी माती फार बारीक. पावसात तिचा चिखल घडीच्या आत शिरतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिथंच वाळून बसतो. गळीत हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवरची धूळ त्यात भर घालते.

माती आपल्या हातात नाही, पण एक गोष्ट आहे. आपल्याकडं सर्व्हिसिंग करताना गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा वापरलेलं ऑइल फवारायची जुनी पद्धत आहे. पाटे असलेल्या जीपला ते चाललं. एअर बेलो असलेल्या गाडीला ते कधीही मारू देऊ नका. डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि आतल्या दोऱ्यापासून सुटायला लागतं. गाडी धुवायला देतानाच हे स्पष्ट सांगा, आणि शक्यतो समोर उभे राहा.

आधी गळती सापडली पाहिजे

खाली बसलेला कोपरा म्हणजे तोच बेलो गळका, असं सरळ गणित इथं लागत नाही. ही गाडी बंद असतानाही तिचं कंट्रोल मॉड्यूल अधूनमधून जागं होतं, चारही उंच्या तपासतं आणि जो कोपरा खाली गेला असेल त्याच्या पातळीला बाकीचे खाली आणतं. म्हणजे गळका एकच असला तरी सकाळी अख्खी गाडी सारखीच बसलेली दिसू शकते. अशा वेळी मालक चारही स्ट्रट मागवतात आणि तीन विनाकारण बदलले जातात.

त्यामुळं तपासणी अशी करा. संध्याकाळी सपाट कोब्यावर गाडी नॉर्मल उंचीला उभी करा. चारही चाकांच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर टेपनं मोजून मिलीमीटरमध्ये लिहून ठेवा. इंजिन बंद करून फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता पाहा आणि सस्पेन्शन मॉड्यूलचा फ्यूज काढा. आता मॉड्यूल मध्ये लुडबूड करणार नाही. सकाळी फ्यूज न लावता पुन्हा मोजा.

एकच कोपरा खाली गेला असेल तर गळती त्या स्ट्रटमध्ये, त्याच्या नळीत किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या (कोपऱ्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्हच्या डब्यातल्या) त्याच्या खणात आहे. एकाच अॅक्सलचे दोन्ही कोपरे सारखे खाली गेले असतील तर आधी त्या अॅक्सलच्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या. या गाड्यांत खराब रस्त्यावर डावा-उजवा बेलो एकमेकांना जोडणारा क्रॉस-लिंक व्हॉल्व्ह असतो. तो नीट बंद होत नसेल तर एका बाजूची गळती दोन्ही बाजूंना खेचते. पुढचा ब्लॉक पुढच्या बंपरच्या मागं आहे, मागचा चॅसीला लावलेला आहे.

ही चाचणी तीन उंच्यांवर करा, नुसत्या नॉर्मलवर थांबू नका. ऑफ-रोड उंची नॉर्मलपेक्षा ५५ मिमी वर आणि चढ-उतारासाठीची अॅक्सेस उंची ५० मिमी खाली असते. उंची बदलली की घडीची जागाही बदलते. नॉर्मलला रात्रभर टिकणारा बेलो ऑफ-रोडला तासाभरात बसतो, कारण त्या उंचीला जुनी, भेगाळलेली घड उघड्यावर येते. थंडीत पहाटेच गळणारी आणि दुपारी ठीक असणारी गाडी मात्र बहुधा जोडणीतल्या ओ-रिंगमुळं, म्हणजे हवाबंद करणाऱ्या रबरी कडीमुळं, गळत असते. थंडीनं रबर आकसतं आणि फट पडते.

आता साबण. भांडी घासायचा द्रव साबण एक भाग आणि पाणी दहा भाग, स्प्रेच्या बाटलीत भरा. गाडी ऑफ-रोड उंचीला नेऊन चॅसीखाली स्टँड लावा, मगच खाली वाका. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली, एक मिनिटासाठीसुद्धा, स्टँडशिवाय डोकं घालू नये. बेलो फुटला तर अडीच टनांहून जड गाडी क्षणात खाली येते, तिथं हात काढायलाही वेळ मिळत नाही. आधी स्ट्रटच्या वरची नळीची जोडणी, मग वरची कडी, मग घड आणि शेवटी खालची कडी अशा क्रमानं साबण मारा आणि प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळतीचा फेस हळू वाढतो, साबुदाण्याएवढे पांढरे दाणे दिसतात. पुढच्या स्ट्रटवर वरून आवरण असतं, त्यामुळं भेग दिसत नाही, पण आवरणाच्या खालच्या कडेतून फेस बाहेर येतो.

जोडणीतूनच फेस आला तर नशीब चांगलं. नळीचं टोक कापून नवी जोडणी बसवली की काम संपतं, स्ट्रट मागवायची गरज नाही.

काय आणायचं, काय आणायचं नाही

पूर्ण स्ट्रट घ्यायचा की नुसता रबरी बेलो, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नुसता बेलो स्वस्त मिळतो हे खरं. पण तो बसवायला स्ट्रट पूर्ण उघडावा लागतो आणि कड्या ठरावीक मापापर्यंत चहूबाजूंनी सारख्या दाबाव्या लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेस हवे तेवढे आहेत आणि लेथवर केसाएवढं माप काढणारे कारागीरही आहेत, पण ही कडी दाबायचं खास क्रिम्पिंग टूल वेगळं लागतं. ते नसताना साध्या क्लॅम्पवर भागवलं तर कडी महिन्याभरात सरकते. शिवाय शॉक अॅब्सॉर्बरही तितकाच जुना असतो. आमचं मत स्पष्ट आहे: क्रिम्पिंग टूल नसेल तर पूर्ण स्ट्रटच घ्या.

स्ट्रट नेहमी जोडीनं बदला. पुढचा डावा गेला तर उजवाही तेवढेच किलोमीटर चाललेला असतो. एकच बदलला तर एका बाजूचा शॉक अॅब्सॉर्बर कडक आणि दुसऱ्या बाजूचा सैल राहतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

मागवताना चॅसी नंबर द्या. डिस्कव्हरी ३ आणि ४ च्या स्ट्रटमध्ये फरक आहेत. रेंज रोव्हर स्पोर्टचे तर दिसायला सारखे असूनही वेगळे असतात, आणि काही गाड्यांत शॉक अॅब्सॉर्बरला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची वायर असते. डनलॉप आणि आर्नॉट या कंपन्या या गाड्यांसाठी एअर स्ट्रट बनवतात. भंगारातून काढलेला स्ट्रट मात्र घेऊ नका. त्याचं रबर आपल्याच गाडीच्या वयाचं असतं, आणि उघड्यावर रिकामा पडून राहिल्यानं घडीवर आणखी चिरलेलं असतं.

पंक्चरचा पॅच लावून किंवा व्हल्कनाइझ करून बेलो दुरुस्त होईल का, हेही विचारलं जातं. होत नाही. पॅच कडक असतो आणि घड दिवसातून हजारो वेळा त्यावरून लोळते. पॅचची कडच पुढं नवी भेग पाडते. कॉइल स्प्रिंग बसवण्याचाही पर्याय लोक निवडतात. त्यानं गळतीचा प्रश्न कायमचा मिटतो, पण उंची बदलण्याची सोय जाते, डॅशबोर्डवरचा इशारा बंद करायला वेगळी जुळवणी करावी लागते आणि ओझं भरल्यावर मागची बाजू आपोआप उचलली जात नाही. ज्या सस्पेन्शनमुळं ही गाडी घेतली तेच काढून टाकायचं असेल, तर तो निर्णय शांतपणे, दोनदा विचार करून घ्या.

स्ट्रटसोबत या गोष्टी आणा: खालचे बोल्ट आणि सगळे सेल्फ-लॉकिंग नट नवे, दोन नव्या नळी-जोडण्या (बहुतेक नव्या स्ट्रटवर त्या बसवूनच येतात, तरी जास्तीच्या ठेवा), नायलॉन नळी कापायचं ब्लेडचं कटर, गंज सोडवणारा स्प्रे. खालचा बोल्ट गंजून बुशमध्ये (बोल्टभोवतीच्या रबरी अस्तराच्या नळीत) चिकटला तर तो कापावा लागतो आणि तेव्हा नवा हाताशी नसेल तर गाडी स्टँडवर अडकून पडते. एक विनंती: हा बोल्ट साध्या रॉडमधून लेथवर करून घेऊ नका. तो उच्च ताकदीचा, उष्णतेची प्रक्रिया केलेला असतो. मऊ पोलादाचा बोल्ट आधी वाकतो, मग तुटतो, आणि तुटतो तो धावत्या गाडीखाली.

हत्यारांत तीन टनांचा ट्रॉली जॅक, तीन टनांचे चार स्टँड, चाकाच्या नटासाठी २२ ची गोटी, नळीच्या जोडणीसाठी १२ चा फिक्स पाना, ३०० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्क रेंच, बॉल जॉइंट सोडवायचा पुलर आणि तारेचे दोन तुकडे. लँड रोव्हरसाठीचं डायग्नॉस्टिक टूल हाताशी असेल तर अर्धं काम सोपं होतं. साधा ओबीडी रीडर इंजिनचे कोड वाचतो, सस्पेन्शनला हवा भर किंवा सोड असा हुकूम देऊ शकत नाही.

पुढचा स्ट्रट काढणं

आदल्या दिवशी खालच्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. तो रबरावर उडू देऊ नका.

गाडी सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक लावून, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावून उभी करा. नॉर्मल उंचीचं चारही कोपऱ्यांचं माप लिहिलेलं आहे ना, ते पाहून घ्या. शेवटी त्याचीच गरज पडणार आहे. पुढच्या चाकांचे नट अर्धा फेरा सैल करा. चॅसीला जॅक लावून गाडी उचला, चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांखाली स्टँड लावा आणि पुढची चाकं हवेत लोंबू द्या. आता सस्पेन्शनचा फ्यूज काढा आणि बॅटरीची ऋण वायर सोडा. काम चालू असताना कोणी दार उघडलं, बंद केलं, तर मॉड्यूल जागं होऊन बाकीच्या कोपऱ्यांची हवा सोडू किंवा भरू शकतं. ते होता कामा नये.

डायग्नॉस्टिक टूल असेल तर बॅटरी काढण्याआधी त्या कोपऱ्याची हवा टूलनंच सोडा. नसेल तर चाक काढून, डोळ्यांवर चष्मा लावून, स्ट्रटच्या वरची पितळी जोडणी १२ च्या पान्यानं अर्धा फेरा सैल करा आणि हात बाजूला घ्या. फुस्स असा आवाज येईल. तो पूर्ण थांबेपर्यंत पुढं फिरवू नका. टाकीच्या नळीला चुकूनही हात लावू नका. हवेची राखीव टाकी साधारण ९ लिटरची आहे आणि त्यात १६ बारपर्यंत दाब असतो. ट्रकच्या टायरपेक्षा तो कितीतरी जास्त.

हवा निघाली की नळी जोडणीच्या अगदी जवळ, पण सरळ काटकोनात, कटरनं कापा. पक्कडीनं किंवा हॅक्सॉनं कापलेलं टोक अंडाकृती होतं आणि ओ-रिंगवर नीट बसत नाही. नव्या स्ट्रटची निम्मी गळती इथंच जन्म घेते. कापलेल्या नळीच्या तोंडावर लगेच स्वच्छ टेप लावा, मातीचा एक कणही व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जाऊ देऊ नका.

आता क्रमानं सुटे करा. उंची मोजणाऱ्या सेन्सरचा छोटा दांडा, ब्रेकच्या होजची आणि एबीएस वायरची क्लिप, स्टॅबिलायझरची लिंक. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट पुलरनं सोडवा. हातोडीनं ठोकून सोडवणाऱ्यांनी त्याच्या रबरी बुटाकडं एकदा पाहावं, तो फाटला की दोन पावसाळ्यांत जॉइंटही जातो. नकल, म्हणजे चाकाचा मधला भाग (हब) धरणारा तुकडा, बाहेर कलंडू देऊ नका. तारेनं बांधून ठेवा, नाहीतर त्याचं सगळं वजन ब्रेकच्या होजवर येतं आणि ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट आतून निसटू शकतो.

खालचा मोठा बोल्ट काढा. निघत नसेल तर पुन्हा स्प्रे मारा, दोन्ही दिशांना थोडं थोडं फिरवा, धीर धरा. गॅसचा टॉर्च तिथं वापरू नका, बुशचं रबर आणि शेजारचा सीव्ही बूट दोन्ही जळतात.

शेवटी बॉनेट उघडून वरचे नट. एका बाजूला बॅटरीचं झाकण, दुसरीकडं इतर प्लास्टिकचे डबे आड येतात, ते बाजूला घ्या. स्ट्रटच्या माथ्यावर कडेला तीन नट असतात, ते काढायचे. मधोमध असलेल्या नटाला हात लावायचा नाही. तो शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्याचा आहे, तो सोडला तर स्ट्रट आतून उघडतो. तिसरा नट काढताना कोणीतरी खालून स्ट्रट धरून ठेवावा. मग तो खाली घेऊन चाकाच्या पोकळीतून बाहेर काढा.

नवा स्ट्रट बसवणं

बसवायची पद्धत काढण्याच्या उलट्या क्रमानं, पण तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नवा स्ट्रट वर्षभरात गेला तर कारण बहुधा याच तिघांत सापडतं.

पहिली, नळीची जोडणी. नव्या स्ट्रटच्या तोंडावरचं प्लास्टिकचं बूच शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. नळीचं टोक स्वच्छ पुसा, टोकापासून दोन सेंटीमीटरवर पेननं खूण करा आणि सरळ ढकला. आधी ओ-रिंगचा अडथळा जाणवतो. बरेच जण तिथंच थांबतात. आणखी जोर लावला की नळी आत तळाला टेकते आणि खूण जोडणीच्या तोंडाशी येते. मग नळी मागं ओढून पाहा, ती हलता कामा नये. नळीला पीळ बसलेला नाही आणि ती एक्झॉस्टच्या किंवा धारदार पत्र्याच्या जवळून जात नाही, हेही बघा.

दुसरी, बुशचे बोल्ट. चाक हवेत लोंबत असताना खालचा बोल्ट आणि आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. ते आतून फाटतं आणि काही महिन्यांत पुढून टक-टक सुरू होते. म्हणून बोल्ट आधी हातानं भरा. मग खालच्या आर्मखाली जॅक लावून हब इतका उचला की केंद्रापासून मडगार्डपर्यंतचं माप लिहून ठेवलेल्या नॉर्मल मापाएवढं येईल. आता टॉर्क रेंचनं आवळा. या गाड्यांच्या पुढच्या स्ट्रटचा खालचा बोल्ट ३०० न्यूटन-मीटरच्या घरात आवळला जातो. प्रत्येक नटाचा नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. पण हब उचलायच्या आधी तिसरी गोष्ट झालेली असली पाहिजे.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: रिकाम्या बेलोवर वजन टाकू नका. हवा नसलेला नवा बेलो दाबला गेला की रबर घडीवर न लोळता वेडंवाकडं चिमटतं. बाहेरून काही दिसत नाही, पण आतला दोरा तुटतो आणि त्याच चिमट्यावर पुढं भेग जाते. टूल असेल तर गाडी स्टँडवर असतानाच बॅटरी आणि फ्यूज लावा, त्या कोपऱ्यात थोडी हवा भरा, घड सगळीकडं सारखी गोल बसली आहे ना हे हात फिरवून तपासा आणि मग आर्म उचला. टूल नसेल तर नळी जोडण्याआधी तात्पुरती एक टी जोडणी आणि टायरसारखा व्हॉल्व्ह लावून टायरच्या कंप्रेसरनं दोन-तीन बार हवा भरता येते. घडीला आकार येण्यापुरती ती पुरेशी असते.

चाक लावताना नट १४० न्यूटन-मीटरला आवळा, चांदणीच्या क्रमानं. एअर गननं मारून सोडून देऊ नका.

मागचा स्ट्रट

मागचं काम पुढच्यापेक्षा सरळ, कारण बॉल जॉइंट सोडवायची बहुधा गरज पडत नाही. वरचे नट आणि नळीची जोडणी चाकाच्या पोकळीतूनच वर हात घालून काढावी लागते, जागा अरुंद आहे, लांब एक्स्टेन्शन आणि सांधा असलेली गोटी लागते. नळी ओढाताण करून वाकवली की तिला चुणी पडते. चुणी पडलेला तुकडा सरळ करून वापरू नका, कापून टाका. बाकी सगळे नियम तेच: आधी हवा सोडणं, बुश नॉर्मल उंचीला आवळणं, रिकाम्या बेलोवर वजन न टाकणं. मागच्या बाजूचं पाना-काम नेहमी हँडब्रेकच्या केबलजवळ चालतं, ती दाबली जाऊ देऊ नका.

हवा भरून तपासणी

बॅटरी आणि फ्यूज लावा, सगळी दारं आणि मागचं दार नीट बंद करा. या गाड्यांत दार उघडं असलं की उंची बदलायचं काम थांबतं. अनेकदा लोक "वरच येत नाही" म्हणून घाबरतात आणि मागचं दार उघडंच असतं. इंजिन सुरू करा आणि गाडी आपणहून वर यायची वाट पाहा. टाकी रिकामी झाली असेल तर वेळ लागेल. कंप्रेसर फार तापला तर तो स्वतःच थांबतो, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या आणि पुन्हा सुरू करा.

नॉर्मलला आल्यावर चारही मापं घ्या. जुन्या नोंदीशी जुळली तर उंचीच्या कॅलिब्रेशनला हात लावायची गरज नाही, कारण सेन्सर तेच आहेत. एखाद्या कोपऱ्यात फरक दिसला तर आधी सेन्सरचा दांडा उलटा किंवा चुकीच्या भोकात बसलाय का ते पाहा. सगळ्या जोडण्यांना परत साबण मारा. दोन रात्री फ्यूज काढून मोजमाप घ्या, त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. पुढचा वरचा आर्म सोडवलेला असल्यानं ते टाळू नका, टायर आतून खाऊन जातील.

कंप्रेसरकडं बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही

गळक्या बेलोनं महिनोन्‌महिने राबवलेला कंप्रेसर डाव्या बाजूला, पायरीच्या आत, प्लास्टिकच्या कव्हराखाली असतो. तिथं चिखल आणि पाणी दोन्ही पोचतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराचं पाणी ज्या गाड्यांखालून गेलं, त्यांचं हे कव्हर एकदा तरी उघडून पाहायला हवं.

कंप्रेसरच्या आत पिस्टनची सील झिजते आणि दाब चढायला फार वेळ लागतो. मग गाडी 'टाकी भरायला जास्त वेळ लागला' अशा अर्थाचा दोष नोंदवते. त्याहून दुर्लक्षित भाग म्हणजे हवा वाळवणारा ड्रायर. त्यात सिलिका जेलसारखे दाणे असतात. कंप्रेसर सतत चालला की ते ओले होतात, ओलावा पुढं व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातो, व्हॉल्व्ह गंजतात, आणि मग नवा स्ट्रटही रात्रीत खाली बसतो. स्ट्रट बदलताना ड्रायरचे दाणे बदला. कंप्रेसरची हवा बाहेर सोडायचा बारीक जाळीचा सायलेन्सरही काढून पाहा. तो मातीनं बुजला की हवा बाहेर पडत नाही, गाडी खाली यायला नकार देते आणि निदान भलतीकडंच भरकटतं.

सुरुवातीच्या गाड्यांत हिताचीचा कंप्रेसर होता, नंतर एएमकेचा आला. एकाच्या जागी दुसरा बसवला तर मॉड्यूलचं सॉफ्टवेअरही बदलावं लागतं. नुसता बोल्ट जुळला म्हणून बसवू नका.

घाटात बेलो गेला तर

करूळ किंवा आंबा घाटात बेलो फुटलाच, तर तो कोपरा बंप स्टॉपवर (आतल्या रबरी ठोकळ्यावर) टेकेल आणि डॅशबोर्डवर वेगमर्यादेचा इशारा येईल. गाडी चालते, पण अगदी सावकाश, ५० च्या आत, आणि खड्डे चुकवत. आधी थांबून कंप्रेसरचा रिले काढा. नाहीतर फुटलेल्या बेलोत हवा भरायच्या प्रयत्नात तो पायथ्याला पोचेपर्यंत जळून जातो. घाटात कडेला जॅक लावून खाली शिरायचा मोह मात्र टाळा.

नवे बेलो टिकवायचे तर मृग लागण्याआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा हे करा: गाडी ऑफ-रोड उंचीला न्या, स्टँड लावा, घडीच्या आतली माती साध्या पाण्याच्या मंद धारेनं धुऊन काढा. प्रेशर वॉशरची नळी बेलोच्या अगदी जवळ नेऊ नका. मग मऊ फडक्यानं पुसा आणि टॉर्च मारून घडीवरच्या बारीक रेषा बघा. रेषा एकमेकांना मिळाल्या असतील आणि त्यांच्या तळाशी दोरा दिसत असेल, तर पुढच्या पावसाची वाट न पाहता स्ट्रट मागवा.